चाकांवरच्या घराची मोरी

घर म्हटले की स्वयंपाकघर आले, न्हाणीघर आले आणि मोरीही आली. मोरीतून गेलेल्या पाण्याचे पुढे काय होते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ती तुंबली, तरच तिची आठवण होते. मात्र घरालाच चाके लावून प्रवासाला निघालेल्या माणसाला ही चौकशी दर चार-दोन दिवसांनी करावी लागते, हातमोजे चढवून आणि खिशात हात घालून!

अमेरिकेत अशा फिरत्या घराला 'आर. व्ही.' म्हणतात. आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी या छोट्या गावात विनेबागो कंपनीने १९६६ साली मोटरहोम बनवायला सुरुवात केली. पुढे ही गाडी इतकी लोकप्रिय झाली की, कोणत्याही मोटरहोमला लोक 'विनेबागो' म्हणू लागले. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही उन्हाळ्याच्या सुटीत अशी गाडी भाड्याने घेतात. भारतातून आलेल्या आई-वडिलांना यलोस्टोन दाखवायचे, तर वाटेत पिठले-भात शिजवता येतो आणि मुख्य म्हणजे संडासाची सोय बरोबर असते. या सोयीची दुसरी बाजू कळते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी बेसिन आणि न्हाणीच्या सांडपाण्याची. तिला म्हणतात करडी टाकी. तिसरी संडासाची, म्हणजे काळी टाकी. अनेक गाड्यांत ती तीस-चाळीस गॅलनची, म्हणजे सुमारे ११५ ते १५० लिटरची असते. ती भरली की रस्त्याकडेला सोडून देता येत नाही. तो गुन्हा आहे. त्यासाठी 'डम्प स्टेशन' गाठावे लागते. थाटमाट काही नाही. उतरता काँक्रीटचा ओटा, मध्ये झाकण असलेले भोक आणि धुण्यासाठी पाण्याचा नळ. जाड नळी जोडायची, आधी काळी टाकी सोडायची आणि मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप खंगाळली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी या नळीच्या वाऱ्यालाही ठेवायची नाही.

आता खर्चाचे. ज्या कॅम्पग्राउंडवर मुक्काम केला, तिथे ही सोय असली तर बहुधा भाड्यातच धरलेली असते. मुक्काम न करता नुसती टाकी रिकामी करायची तर अनेक ठिकाणी दहा ते वीस डॉलर मोजावे लागतात. हमरस्त्यावरच्या मोठ्या ट्रक-थांब्यांवरही पैसे पडतात. काही राज्यांत सरकारी विश्रांतिस्थळांवर ही सोय फुकट आहे. पण फुकट म्हणजे तरी काय? वॉशिंग्टन राज्यात प्रत्येक आर. व्ही. मालकाकडून नोंदणीच्या वेळीच यासाठी तीन डॉलर घेतले जातात. पैसा कुठून तरी द्यावाच लागतो.

फुकटाच्या मागे धावणाऱ्याचा हिशेब तर आणखी गमतीचा. समजा, फुकट जागा वीस मैलांवर आहे. जाऊन-येऊन चाळीस मैल. मोठे मोटरहोम गॅलनला आठ मैल चालले तर पाच गॅलन पेट्रोल जळाले. गॅलनचा भाव तीन डॉलर धरला, तरी पंधरा डॉलर गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्यापेक्षा कॅम्पग्राउंडवरची न्हाणीघरे आणि संडास वापरावेत, भांडी बेताच्या पाण्यात धुवावीत, म्हणजे टाकीच उशिरा भरते. हे गणित घरातली गृहिणी चटकन मांडते.

पण प्रश्न नुसत्या दहा-वीस डॉलरचा नाही. टाकीतला मैला जिथे उतरतो, तिथून पुढे त्याचे शुद्धीकरण करावे लागते. आडजागी गटारे नसतात. सेप्टिक टाकी असते, आणि ती जिवाणूंच्या बळावर चालते. दुर्गंधी मारण्यासाठी प्रवाशाने फॉर्माल्डिहाइडसारखे रसायन ओतले असेल, तर हे जिवाणू मरतात आणि टाकी निकामी होऊ शकते. ज्याने ओतले तो शंभर मैल पुढे गेलेला असतो. बिल येते मागे राहिलेल्याला.

हा विषय आता आपल्यालाही परका राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. समुद्रकिनारी, धरणाकाठी अशी घरे उभी राहायची, तर त्यांची टाकी कुठे आणि कोण रिकामी करणार, हे आधीच ठरायला हवे. तिकडे ते काम गाडीचा मालक स्वतः करतो, मग तो डॉक्टर असो की निवृत्त न्यायाधीश. आपल्याकडे हाताने मैला उचलण्यावर १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी सेप्टिक टाकीत उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. तिथे टाकी रिकामी करण्याची किंमत रुपयांत होत नाही.

म्हणून कॅरव्हॅन अवश्य यावी, पण येताना तो काँक्रीटचा ओटा, ती जाड नळी आणि हातमोज्यांचा जोड घेऊन यावी. आणि हातमोजे सुटीवर निघालेल्या कुटुंबप्रमुखाच्या मापाचे असावेत.