पडणारे पाणी, चढणारे पाणी

महाबळेश्वरचा काळा कातळ चुंबकीय आहे. खिळा चिकटावा इतका नाही, पण प्रयोगशाळेतल्या नाजूक यंत्राला त्याचे चुंबकत्व मोजता येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. प्रत्येक थर निवताना त्यातल्या लोहखनिजाच्या बारीक कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली आणि ती आजतागायत सोडलेली नाही. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात नोबेल विजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनचे असे खडक तपासले. हे थर गोठले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, असे त्यांतून दिसले. खंड सरकतात की नाही यावर तेव्हा जगभर वाद चालू होता. त्यात सह्याद्रीच्या दगडाने साक्ष दिली ती खंड सरकतात या बाजूने. महाबळेश्वरच्या डोंगरात खालच्या थरांची दिशा उलटी आणि माथ्याजवळच्या थरांची आजच्यासारखी आढळते. म्हणजे हे थर साचत असतानाच पृथ्वीच्या चुंबकाचे उत्तर-दक्षिण ध्रुव पालटले होते.

याच डोंगरात कृष्णा आणि कोयना उगम पावतात. त्या कराडला प्रीतिसंगमावर भेटतात आणि कृष्णा पुढे सांगलीकडे जाते. नदीच्या या वाटेवर चुंबक दोन उलटी कामे करतो. साताऱ्याच्या डोंगरातून पाणी खाली पडते आणि वीज तयार होते. सांगलीच्या माळावर वीज खर्च होते आणि पाणी वर चढते. दोन्हीकडे सामान एकच लागते, चुंबक आणि तांब्याची तार.

लोहचुंबक माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, हे इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली मांडले. तरीही चुंबक आणि वीज यांचा काही संबंध असेल, असा पुरावा हाती यायला आणखी दोनशे वीस वर्षे जावी लागली. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी तारेतून वीज सोडली, तेव्हा शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. दुसऱ्याच वर्षी मायकेल फॅरडे यांनी विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. ही मोटरची सुरुवात. १८३१ मध्ये त्यांनी उलटा प्रश्न सोडवला. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते. जनित्राचे मूळ या प्रयोगात आहे.

कोयनेचा प्रकल्प या दुसऱ्या प्रयोगाचे महाकाय रूप. नदी पूर्ववाहिनी, पण शिवसागर जलाशयातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेले आहे. कोकणाच्या बाजूला पोफळीला ते चारशे मीटरहून अधिक खाली कोसळते आणि डोंगरात कोरलेल्या वीजगृहातली चक्रे फिरवते. पाटण तालुक्यातल्या नदीचे पाणी चिपळूण तालुक्यात वीज देते, ते असे. पहिल्या टप्प्याची वीजनिर्मिती १९६२ मध्ये सुरू झाली. डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेची वीज बंद पडली, तेव्हा मुंबईच्या कारखान्यांना धक्का बसला. तोवर राज्य या एका नदीवर किती विसंबले होते, हे त्यातून कळले. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी शेवटचा खडक स्फोटाने उडवून पाणी थेट बोगद्यात घेण्यात आले. ‘लेक टॅपिंग’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत तेव्हापासून रुळला. सगळी वीजगृहे मिळून कोयनेची क्षमता आज १९६० मेगावॉट आहे. पाटणच्याच पठारावर, वनकुसवडे भागात, हेच काम वारा करतो. पाणी असो की वारा, त्यांनी फक्त फिरवायचे; वीज निर्माण होते ती चुंबक आणि तारेच्या फिरण्यातून.

आता शेतातल्या पाण्याच्या मोटरकडे पाहू. तिच्या पत्र्याच्या पट्टीवर बहुतेक वेळा २८८० हा आकडा कोरलेला असतो. आपल्या विजेची दिशा सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा घेते. तीन फेजच्या तारा मोटरच्या वेटोळ्यांना जोडल्या की आत न दिसणारे चुंबकीय क्षेत्र त्याच वेगाने, मिनिटाला ३००० वेळा, गोल फिरू लागते. आतला लोखंडी रोटर त्याच्या मागे धावतो, पण त्याला गाठत नाही. गाठले तर रोटरमध्ये वीज निर्माण होणे थांबेल आणि ओढही संपेल. म्हणून तो थोडा मागे राहतो आणि २८८० च्या आसपास फिरतो. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे जाळे जोडले गेल्यापासून साऱ्या देशाचे वीजजाळे एकाच तालावर चालते. पोफळीचे जनित्र आणि तासगावच्या द्राक्षबागेतली मोटर एकाच ठेक्यात बांधलेली आहेत.

मोटर उलटी फिरली की वायरमन तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करतो. त्याने फिरत्या क्षेत्राची दिशा बदलते. एक फेज गेला तर मात्र उरलेल्या दोन फेजवर जास्त भार येतो, तारेचे वेटोळे (वाइंडिंग) तापते आणि मोटर जळते. मग ती रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. तिथे जळकी तार उपसून मोटरच्या स्थिर भागाच्या, म्हणजे स्टेटरच्या, खाचांत नवी तांब्याची तार मोजून भरतात, कारण वेढे कमी-जास्त झाले की चुंबकाचा जोरही बदलतो.

सांगलीला पंपाचे नाते नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आधी लोखंडी नांगर आणि १९२० च्या दशकात पंप. खेड्यात वीज पोचण्याआधी असे पंप इंजिनावर चालत. मोटर आली आणि विहिरीवरची मोट गेली. पुढचे पाऊल उपसा सिंचनाचे. ताकारी, म्हैसाळ आणि कराडजवळचे टेंभू या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. नदी खाली आणि तहानलेली जमीन वर, म्हणून इथे पाण्याचा प्रश्न वीजबिलाचाही प्रश्न होतो. ‘आवर्तन कधी सुटणार’ याच्या पाठोपाठ ‘बिल कोण भरणार’ हे येतेच.

शेतकऱ्याचा चुंबकाशी रोजचा संबंध येतो तो स्टार्टरच्या डब्यात. हिरवे बटण दाबले की आतल्या कॉइलमध्ये वीज जाते, कॉइल चुंबक बनते, लोखंडी तुकडा ओढून घेते आणि ‘खट्’ आवाजासरशी मोटर सुरू होते. लाइट गेली की चुंबकत्व संपते, स्प्रिंग संपर्क तोडते. व्होल्टेज कमी असेल तर ओढ अपुरी पडते आणि डबा खडखडू लागतो. लाइट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. बटण पुन्हा दाबावेच लागते. ही सोय मुद्दाम केलेली आहे. मात्र लाइट अनेकदा रात्री येते आणि बटण दाबायला अंधारात, सापाविंचवांतून शेतावर जावे लागते. म्हणून अनेकांनी लाइट येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच बसवले.

मोटरीखेरीज चुंबकाची इतर कामेही आसपास भरपूर आहेत. पिठाच्या गिरणीत धान्याच्या वाटेवर बसवलेला चुंबक खिळे आणि तारेचे तुकडे पकडतो. साखर कारखान्यात उसाच्या मोळीतून आलेले लोखंड चरकाच्या आधी काढायलाही चुंबकच लागतो. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात रुग्ण एमआरआयसाठी जातो, तेव्हा दीड टेस्लाच्या यंत्रात तो पृथ्वीच्या क्षेत्राहून तीस हजार पटींनी जोरदार चुंबकाच्या पोटात झोपलेला असतो.

पुन्हा शेतातल्या ऑटोस्विचकडे येऊ. त्याची एक किंमत आहे. लाइट येताच एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते आणि डीपी जळतो. दुसरा भार त्याहून कमी दिसणारा. मोटर जी वीज घेते तिचा एक भाग पाणी उचलत नाही. तो फक्त आतले चुंबकीय क्षेत्र उभे करतो आणि परत जातो. हे येणे-जाणे तारांवरून आणि डीपीतून सतत चालते. मोटरपाशीच योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवला, पाच एचपीला साधारण २ केव्हीएआरचा, तर तो भाग तिथल्या तिथे भागतो, तारांवरचा भार उतरतो आणि व्होल्टेज सुधारते. महावितरण अनेक वर्षे शेतकऱ्यांना हेच सांगत आले आहे. या हंगामात स्टार्टरचा डबा उघडाल, तेव्हा तो कपॅसिटर आहे का आणि चालू आहे का, हे आधी वायरमनकडून तपासून घ्या.