मुले मोठी झाली, आता सहलीचा बेत कसा करावा?

मुले लहान असतात तोवर सहलीचा प्रश्न फारसा अवघड नसतो. रविवारी राणीची बाग दाखवावी, चौपाटीवर भेळ खाऊ घालावी, जत्रेत आकाशपाळण्यात बसवावे, की पोरे आठवडाभर खूष. पण तीच मुले तेरा-चौदाची झाली की बागेचे नाव काढताच तोंड वाकडे करतात. शाळेतल्या मैत्रिणीने मोबाईलवर दाखवलेले चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असते. उलटेपालटे होणारी गाडी आणि किंचाळणारी माणसे त्यात असतात. ‘आपण कधी जायचे?’ हा प्रश्न मग रोज जेवताना निघतो. बापाचे उत्तर ठरलेले असते, ‘पैसे काय झाडाला लागतात?’

बापाचे काही चुकत नाही. पण मुलांचेही काही चुकत नाही. शाळेची सहल जाते तेव्हा वर्गणी न भरता आल्यामुळे घरी राहिलेली मुले आपल्या वस्त्यांमधून आजही आहेत. सोमवारी वर्गात इतर मुले सहलीच्या गप्पा मारू लागली की ती वहीत डोके घालून बसतात. दहावी-बारावीनंतर पोरे क्लासला, कामाला, नाहीतर परगावी जातात. सगळे घर मिळून कुठे जायचे असेल तर ही दोन-चार वर्षेच हातात असतात. म्हणून या वेळी आम्ही हा विषय हिशेबासकट मांडत आहोत.

आधी ठिकाणाविषयी. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मुंबईकरांना थीम पार्क म्हटले की गोराईचे एस्सेल वर्ल्डच आठवते. १९८९ साली ते सुरू झाले, आणि बोटीत बसून तिकडे जाण्यातच निम्मी मजा होती. ते २०२२ मध्ये बंद झाले. तरीही अजून काही आईवडील ‘आपण एस्सेल वर्ल्डला जाऊ’ असे मुलांना कबूल करून बसतात. शेजारचे वॉटर किंगडम १९९८ सालचे, ते पाण्याचे उद्यान. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात ते आहे. नागपूर, नाशिक, पुणे, शिर्डी या बाजूंनाही लहानमोठी पाण्याची उद्याने झाली आहेत. पाण्याचे उद्यान आणि थीम पार्क यांत फरक असतो, तो मुलांना माहीत असतो, मोठ्यांना नसतो. थीम पार्कमध्ये प्रत्येक पाळण्याभोवती एक गोष्ट रचलेली असते. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडले तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. जत्रेतला पाळणा नुसता फिरतो. इथे रांगेत उभे असल्यापासून गुहा, किल्ला, जहाज असे काही दिसत असते.

कुठेही जायचे ठरले तरी चालू आहे ना, कोणत्या वारी सुट्टी असते, दुरुस्तीसाठी काय बंद आहे, हे फोन करून विचारावे. मुलांनी ज्यासाठी हट्ट धरला तोच पाळणा त्या दिवशी बंद निघाला, असे होऊ नये.

आता पैशांचे. मोठ्या मुलांच्या सहलीतली खरी मेख इथेच आहे. रेल्वेत बारा वर्षांपुढे अर्धे तिकीट नाही. थीम पार्कात तर बहुधा वय विचारतच नाहीत, उंची मोजतात. सातवीतला पोरगा बापाच्या खांद्याला लागला असेल तर तो त्यांच्या लेखी पूर्ण माणूस. म्हणजे पाच माणसांचे घर असेल तर पाच पूर्ण तिकिटे. मोठ्या पार्कचे तिकीट माणशी हजाराच्या वरच जाते. त्यात प्रवास, जेवण आणि सामान ठेवायच्या कपाटाचे भाडे मिळवा. पाचजणांचा दिवस आठ-दहा हजारांच्या घरात जाणार असे धरून चालावे.

ही रक्कम कर्ज काढून उभी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सावकाराचे व्याज सहलीचा आनंद संपल्यावरही चालू राहते. दर आठवड्याला तीनशे रुपये बाजूला टाकले तर सव्वीस आठवड्यांत सात हजार आठशे होतात. दिवाळीत ठरवले तर मे महिन्यात जाता येते. भिशी लावत असाल तर आपला नंबर एप्रिलमध्ये येईल असे बघावे. आमच्या ओळखीच्या एका घरात डब्यावर मुलीनेच कागद चिकटवला आणि दर शनिवारी किती पडले ते लिहीत गेली. एका आठवड्यात बापाच्या हाताला काम नव्हते. त्या रकान्यात तिने शून्य लिहिले, आणि त्याविषयी एक शब्द बोलली नाही. घरात पैसा कसा येतो आणि कसा अडतो हे चौदा वर्षांच्या मुलीला समजते. लपवून ठेवण्यासारखे त्यात काही नाही.

खर्च कमी करण्याच्या काही वाटा आहेत. शनिवार-रविवार आणि सुट्टीचे दिवस टाळावेत. सोमवार ते शुक्रवार तिकीट बऱ्याच ठिकाणी कमी असते आणि रांगाही आखूड असतात. कारखान्यात आठवड्याची सुट्टी मधल्या वारी असणाऱ्यांना इथे चक्क फायदा आहे. विद्यार्थ्यांना सवलत असेल तर शाळा-कॉलेजचे ओळखपत्र लागते, ते घरी विसरू नये. चाळीतली किंवा वस्तीतली चाळीसेक माणसे एकत्र झाली तर गट म्हणून दर कमी होतो का ते विचारावे. महिला मंडळाने पुढाकार घेतला तर एक बस ठरवून जाता येते. तिकिटे मोबाईलवरून आधी काढली तर कधी स्वस्त पडतात. हे काम मुलांकडे द्यावे, पण खऱ्या पार्कच्या नावाने खोटी पाने काढून पैसे लुबाडणारेही आहेत. कुणी पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवून पैसे भरू नयेत. पार्कच्या कचेरीत फोन करून खात्री करावी.

प्रवासाचे उदाहरण म्हणून खोपोलीच घेऊ. मध्य रेल्वेची लोकल थेट खोपोलीपर्यंत जाते, पण अशा गाड्या थोड्या. नाहीतर कर्जतला उतरून बदलावी लागते. मुंबईहून अडीच तास धरावेत. खोपोलीहून पुढे रिक्षा किंवा पालीकडे जाणारी एस.टी. रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवावे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे, म्हणजे आई आणि मुली यांचा खर्च तिथे अर्धा होतो. जाण्याआधी परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून घ्यावी. संध्याकाळी दिवे लागले की मुलांचा पाय निघत नाही, आणि खोपोलीची लोकल मात्र कुणासाठी थांबत नाही.

आत शिरल्यावर गर्दी दारापासच्या पाळण्यांवर तुटून पडते. आपण सरळ सगळ्यात लांबच्या किंवा सगळ्यात मोठ्या पाळण्याकडे जावे. दुपारी तिथेच तासाची रांग लागते. जेवण साडेअकरालाच उरकावे. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, दारावर पिशव्या तपासतात. आमचा यावर राग आहे. भाकरी-भाजीचा डबा कुणाच्या धंद्याच्या आड येतो, हे आम्हाला अजून उमगलेले नाही. पण नियम आहे. म्हणून सकाळी गाडीत भरपेट खाऊन घ्यावे आणि परतीच्या प्रवासासाठी दशम्या, चिवडा असे टिकणारे काही सामानाच्या कपाटात ठेवू देतात का ते विचारावे.

आता मुलांच्या आवडीच्या गोष्टीकडे येऊ. इमॅजिकामध्ये नायट्रो नावाची जी मोठी गाडी आहे, तिचा सर्वांत उंच चढ सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढा. पायाखाली फळीसुद्धा नाही, पाय लोंबकळत असतात. पण या गाडीला इंजिन नसते. साखळी तिला वर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचे सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. नववीच्या विज्ञानात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे, त्यातली स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत बदलते ती हीच. मुलाला वही-पेन्सिल घेऊन बसवा. दोन गुणिले ९.८ गुणिले ४० म्हणजे ७८४, त्याचे वर्गमूळ २८. सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १०० किलोमीटर. पहिला चढच सर्वांत उंच का असतो, तेही यातून कळते. घर्षणात ऊर्जा खर्च होत जाते, म्हणून गाडी पुन्हा तेवढ्या उंचीवर चढू शकत नाही. गणिताला कंटाळणारा पोरगाही हा हिशेब मन लावून करतो.

सगळीच मुले त्या गाडीत बसतील असे नाही. थोरली बसते आणि धाकटा मागे सरतो. ‘मुलगा असून घाबरतोस?’ हे वाक्य तिथे कुणीही उच्चारू नये, बापाने तर नाहीच. ज्याला नको त्याला नको. गाडी लागणाऱ्यांनी, हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने या पाळण्यांत बसू नये. दारावर फलक असतो, तो पूर्ण वाचावा. उंचीत बसत नसेल तर टाचा उंच करून, खोटे बोलून मुलाला आत ढकलू नये. सळई शरीराच्या मापाने बसते, माप चुकले तर ती माणसाला धरीत नाही. चष्मा, मोबाईल, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादला कांकरिया तलावाकाठी लंबकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोन माणसे गेली. असे रोज घडत नाही. पण सळई नीट लागली नसेल, पाळणा खडखडत असेल, तर हात वर करून गाडी थांबवायला सांगण्याची मुलांना लाज वाटता कामा नये.

पाण्याच्या उद्यानात कपड्यांचा प्रश्न निघतो आणि मुलींच्या बाबतीत तो घरातच पेटतो. तिथे साडी, सलवार, जीन्स चालत नाही, नायलॉनचे कपडे लागतात. यात फॅशनचा संबंध नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होते, नाडी-ओढणी घसरगुंडीत अडकते, धागे सुटून पाणी गाळण्याच्या यंत्रात जातात. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख बाजारात मिळतो. भाड्याने घेण्यापेक्षा तो आधी विकत घेतलेला बरा, दोन बहिणींना आलटून पालटून वापरता येतो. ‘पोरींनी काठावर बसावे’ असा निकाल देणाऱ्या वडिलांना आम्ही एवढेच विचारतो, की तिचे तिकीट मग कशाचे काढले? तारीख ठरवताना मुलीला आईने एकांतात विचारावे. पाळीचे दिवस येत असतील तर तारीख पुढे ढकलावी, आणि कारण घरभर सांगत बसू नये.

आणखी एक दृश्य सगळीकडे दिसते. झाडाखाली आठ पिशव्या, त्यांच्यामध्ये आई. ती दिवसभर चपला, मोबाईल आणि टॉवेल राखीत बसलेली असते, तिचेही तिकीट पूर्णच असते. दोनशे-तीनशे रुपये भाडे पडले तरी कपाट घ्यावे आणि तिला मोकळे करावे. राखायचेच असेल तर पाळी लावावी, त्यात बापही आला आणि सोळा वर्षांचा मुलगाही आला.

मोठ्या मुलांना दिवसभर बोटाला धरून फिरवता येत नाही. दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात, दर दोन तासांनी एका ठरलेल्या जागी यायचे असे सांगावे. जागा पक्की खूण असलेली हवी, उदाहरणार्थ घड्याळाखाली किंवा मुख्य कारंज्यापाशी. मोबाईलची बॅटरी फोटो काढूनच संपते, म्हणून एक मोबाईल बंद करून आईकडे ठेवावा. प्रत्येकाच्या हातात सकाळीच ठराविक रक्कम द्यावी. आइस्क्रीम खाणार, टोपी घेणार की घरी आणणार, ते त्यांचे त्यांनी बघावे. दर वेळी हात पसरावा लागला नाही की मुलेही जपून खर्च करतात.

दोन दिवसांची सवड असेल तर खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याला जाता येते आणि दुसऱ्या दिवशी कार्ले-भाजे. भाज्यासाठी लोणावळा-पुणे लोकलने मळवलीला उतरावे, पुढे पायी जाता येते. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. कार्ल्याचे चैत्यगृह देशातले कोरीव चैत्यगृहांतले सर्वांत मोठे, आणि त्यातल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांच्या आहेत, हे मुलांना आत शिरण्याआधी सांगावे, म्हणजे ती मान वर करून बघतात. चढणीला सकाळी लवकर लागावे.

ओले कपडे मात्र पिशवीत तसेच ठेवू नयेत, दुसऱ्या दिवशी त्यांना कुबट वास येतो. रात्री कितीही उशिरा पोचलो तरी ते दोरीवर टाकूनच अंग टाकावे.