दहा पायऱ्यांचा जिना

मुलांनो, संध्याकाळी घरातील दिवे अचानक गेले, तर तुम्ही कोणाला बोलावता? वीजकाम करणाऱ्या कारागिराला. तो येतो, तारा तपासतो आणि थोड्याच वेळात घर पुन्हा उजळते. हे काम तो कोठे शिकला असेल बरे?

आपल्या मॉरिशसमध्ये शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट शालेय विषयांची. माध्यमिक शाळेत विद्यार्थी भाषा, गणित, विज्ञान शिकतात. ते स्कूल सर्टिफिकेट आणि हायर स्कूल सर्टिफिकेट या परीक्षा देतात. मग काही जण रेद्युई येथील मॉरिशस विद्यापीठात जातात. हे विद्यापीठ १९६५ साली स्थापन झाले.

दुसरी वाट व्यवसायशिक्षणाची. मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट ही सरकारी संस्था आहे. तिच्या केंद्रांत वीजजोडणी, नळकाम, मोटारदुरुस्ती, वेल्डिंग अशी कामे शिकवतात. एबेन येथील तिच्या हॉटेल शाळेत स्वयंपाक, केक-पाव बनवणे आणि पाहुण्यांची सरबराई शिकवतात.

काही लोक म्हणतात, "ज्यांना अभ्यास जमत नाही, तेच हाताचे काम शिकतात." हे खरे नाही. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. कोणत्या यंत्राला किती जाड तार हवी, हा हिशेब चुकला तर तार तापते आणि आगही लागू शकते. म्हणून कारागिराला गणित आणि विज्ञान चांगले यावे लागते. केक बनवणाऱ्यालाही वजने-मापे अचूक घ्यावी लागतात.

आपल्या देशाने सर्व प्रमाणपत्रे जणू दहा पायऱ्यांच्या एका जिन्यावर मांडली आहेत. पहिली पायरी प्राथमिक शिक्षणाची. तिसऱ्या पायरीवर स्कूल सर्टिफिकेट आहे. त्याच पायरीवर व्यवसायशिक्षणाचे एक राष्ट्रीय प्रमाणपत्रही आहे. दोघांचा मान सारखाच! सहाव्या पायरीवर पदविका असते, त्यावर पदवी आणि अगदी वर, दहाव्या पायरीवर, डॉक्टरेट. व्यवसायशिक्षण घेणाऱ्यालाही हा जिना पुढे चढता येतो.

तुम्ही कोणती वाट धराल? हे आजच ठरवायला नको. पण आज घरी गेल्यावर आई, बाबा, काका किंवा शेजारी यांना विचारा, "तुम्ही तुमचे काम कोठे शिकलात? त्यात गणित कोठे लागते?" त्यांचे उत्तर उद्या वर्गात सांगा.