काळे फूल खरेच असते का?



काळे फूल कोणी पाहिले आहे का? आमच्या वर्गात यावरून भांडण झाले. शिवा म्हणाला, "हाय की, म्या चित्रात बघितलंय." मी म्हणालो, "न्हाईच मुळी." पाच पाच गोट्यांची पैज लागली. मग आम्ही गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते मी लिहीत आहे.

आपल्याकडे झाडाच्या फांदीवर सीतेची वेणी फुलते ना? तिलाच आमरी म्हणतात. इंग्रजीत ऑर्किड. जगात ऑर्किडच्या पंचवीस हजारांहून जास्त जाती आहेत. पण कोळशासारखे काळे फूल त्यांत नाही. बोर्निओ बेटावर एक 'काळे ऑर्किड' आहे. त्याच्या पाकळ्या हिरव्या असतात, फक्त मधल्या ओठावर काळे डाग असतात. बेलीझ देशाचे राष्ट्रीय फूलही काळे ऑर्किडच. त्याची शिंपल्यासारखी एकच पाकळी जांभळट काळी, बाकीच्या पिवळट हिरव्या. म्हणजे नाव काळे, पण फूल पुरते काळे नाही.

म्हणून माणसांनी संकर करायला सुरुवात केली. संकर म्हणजे एका जातीच्या फुलाचे पराग दुसऱ्या जातीच्या फुलाला लावणे. ऑर्किडचे पराग पिठासारखे उडत नाहीत. त्यांच्या गोळ्या असतात. त्या काडीने उचलून लावतात. मग शेंग धरते. शेंगेत धुळीसारखे बारीक बी असते. त्या बियांत खायला काही साठवलेले नसते. रानात एक बुरशी त्यांना अन्न देते. १९२२ साली नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या खळीवर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवले. तेव्हापासून बाटलीत रोपे करणे सोपे झाले. तरी फूल यायला काही वर्षे लागतात. तोवर रंग कसा निघेल ते कळत नाही. केवढा धीर पाहिजे!

अमेरिकेत कॅलिफोर्नियात फ्रेड क्लार्क नावाचे गृहस्थ आहेत. त्यांनी मॉर्मोडीस, क्लोवेशिया आणि कॅटासेटम या तीन प्रजातींच्या संकरातून एक ऑर्किड तयार केले. २००२ साली त्याची नोंद झाली. त्याचे नाव 'आफ्टर डार्क', म्हणजे अंधार पडल्यावर. त्यातल्या एका रोपाला 'ब्लॅक पर्ल' म्हणजे काळा मोती म्हणतात. ते फूल पाहिले की काळेच वाटते.

पण गंमत पुढेच आहे. गुरुजींनी विचारले, "जांभूळ कसल्या रंगाचं?" सगळे ओरडले, "काळं!" "आणि खाल्ल्यावर जीभ?" "जांभळी!" गुरुजी हसले. ते म्हणाले, या फुलाचेही तसेच आहे. त्यात लाल-जांभळा रंग इतका दाट भरलेला असतो की तो जवळजवळ सगळा उजेड पिऊन टाकतो. आपल्या डोळ्यांपर्यंत उजेड फारच थोडा येतो, म्हणून फूल काळे दिसते. त्या रंगाला अँथोसायनिन म्हणतात. तोच जांभळातही असतो.

मी घरी गर्द लाल गुलाबाची पाकळी सावलीत धरली. काळपट दिसली. उन्हासमोर धरली तर लालभडक! तुम्हीही करून पाहा.

आता पैज कोण जिंकले? शिवा म्हणाला, "काळं दिसतंय न्हवं?" मी म्हणालो, "दिसतंय, पर हाय जांभळं." शेवटी गोट्या ज्याच्या त्याने घेतल्या आणि आम्ही दोघे जांभळाखाली खेळायला गेलो.

– इयत्ता ४ थी