बंदराच्या पानात वाढलेला इतिहास

सहलीला निघताना मराठी कुटुंबात दोन याद्या होतात. एक पाहायच्या ठिकाणांची, ती घरातला हौशी माणूस करतो. दुसरी खाण्याची, ती कोणी कागदावर लिहीत नाही, पण गाडी सुटल्यापासून तिचीच चर्चा अधिक होते. आधी पोटोबा मग विठोबा, हे आपण मान्य करूनच बसलो आहोत. मात्र जुन्या बंदराच्या गावी जायचे असेल, तर या दोन याद्या वेगळ्या ठेवण्यात अर्थ नाही. तिथला इतिहास जेवढा चर्चमध्ये आणि राजवाड्यात आहे, तेवढाच तो ताटात आहे. हे पडताळून पाहायला शनिवार-रविवारचे दोन दिवस पुरतात आणि त्यासाठी कोचीसारखे गाव नाही.

कोची बंदराचा जन्मच एका आपत्तीतून झाला, असे सांगतात. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, त्याच्या गाळाने मुचिरी हे प्राचीन बंदर बुजले आणि दक्षिणेला कोचीची खाडी जहाजांना मोकळी झाली. मग मिऱ्यांच्या ओढीने सगळे जग इथे आले. अरब आणि चिनी व्यापारी आले, १५०० साली पोर्तुगीज आले, १६६३ मध्ये त्यांना हुसकावून डच आले आणि १७९५ मध्ये डचांच्या जागी इंग्रज. राज्यकर्ते गेले, त्यांच्या मुदपाकखान्यातले बरेच काही मागे राहिले.

आधी वेळापत्रकाचे बोलू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मुंबईहून कोकण रेल्वेने एर्नाकुलमला पोचायला एक दिवसाहून थोडा अधिक वेळ लागतो. विमानाने गेल्यास विमानतळापासून फोर्ट कोचीपर्यंतचा रस्ता तास-दीड तासाचा धरावा. वारांचा हिशेब मात्र घरूनच करून निघावे. मट्टनचेरीतले ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, शनिवारी बंद असते. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायलींना लोक ‘शनिवार तेली’ का म्हणत, ते आठवले की कारण वेगळे सांगावे लागत नाही. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. उलट रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असल्याने पाहुण्यांची अडचण होते. तेव्हा शनिवार फोर्ट कोचीचा आणि रविवार मट्टनचेरीचा, अशी वाटणी सोयीची.

शनिवारी सकाळी एर्नाकुलमहून बोटीनेच पलीकडे जावे. सरकारी फेरीबोट आहे आणि २०२३ साली सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या बोटीही आता फोर्ट कोचीला जातात. बंदराच्या गावात पाण्यावरून शिरण्यात जी मजा आहे, ती पुलावरून जाण्यात नाही.

उतरल्यावर समोर दिसतात ती चिनी जाळी. लांबच लांब लाकडी वासे, त्यांना बांधलेले भले मोठे जाळे आणि पलीकडे दोरांना टांगलेले दगड. तराजूचे पारडे खाली-वर व्हावे तसे ते धूड चार-सहा माणसे मिळून पाण्यात सोडतात आणि उचलतात. ती चिनी व्यापाऱ्यांनी आणली असा समज आहे. पोर्तुगीजांनी मकाऊहून आणली, असेही एक मत आहे. मुलांना इथे थोडा वेळ उभे करावे. दर खेपेला जाळ्यात किती मासे येतात, ते त्यांनाच मोजू द्यावे. आकडा फार मोठा होत नाही, आणि त्या उत्तरातच या जाळ्यांचे आजचे दुखणे आहे.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च पायी जाण्याइतके जवळ. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीतच वारला आणि त्याला याच चर्चमध्ये पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. रिकाम्या थडग्याचा दगड इथे आहे. गामाच्या मागोमाग आलेल्या पोर्तुगीजांनी आपल्याला काय दिले, हे मात्र चर्चमधल्या दगडापेक्षा बाजारातल्या टोपल्या अधिक नीट सांगतात. मिरची, काजू, अननस, पपई ही सगळी अमेरिका खंडातली मंडळी त्यांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरली. ज्या मिऱ्यांसाठी ते इथवर आले, त्या मिऱ्यांचा आपल्या स्वयंपाकातला मान त्यांनीच आणलेल्या मिरचीने हिरावून घेतला.

दुपारचे जेवण याच भागात घ्यावे. नारळाच्या दुधातली, फार तिखट नसलेली माशाची मोयली लहान मुलेही आवडीने खातात. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे, कडेला जाळीदार आणि मध्ये मऊ असे अप्पम आणि त्याबरोबर ‘इष्टू’. हा इष्टू म्हणजे इंग्रजांचा स्ट्यूच, पण नारळाच्या दुधात न्हालेला. इथल्या ख्रिस्ती घरांत विंदालूही शिजते. या शब्दातल्या ‘आलू’चा बटाट्याशी काहीही संबंध नाही, पोर्तुगीज भाषेतल्या मद्य आणि लसूण या शब्दांवरून तो आला आहे. डचांची आठवण हवी असेल तर त्यांचे जुने कब्रस्तान आहेच, पण त्याआधी बेकरीत ‘ब्रुडर’ची चौकशी करावी. मनुका घातलेला हा गोडसर, फुगीर पाव नावासकट डचांचा. तो नाताळच्या सुमारास हमखास दिसतो, एरवी मिळाला तर नशीब समजावे.

रात्री कप्पा आणि माशाचे कालवण. कप्पा म्हणजे टॅपिओकाचा कंद, ज्याचा आपण साबुदाणा खातो तोच. कालवणाला आंबटपणा येतो तो कुडमपुळीने. काळी, धुरावलेली ही सोले जिभेवर ठेवली की कोकणी माणूस चमकतो, कारण ती आपल्या आमसुलाची सख्खी चुलत बहीण आहे.

रविवारी मट्टनचेरी. सकाळी राजवाडा पाहून घ्यावा. तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी दुरुस्त केला, म्हणून त्याचे नाव पडले ‘डच पॅलेस’ आणि आत भिंतीवर चित्रे आहेत ती रामायणाची. कोचीचा स्वभाव एका इमारतीत पाहायचा असेल तर ही पाहावी. शेजारच्या गल्लीत १५६८ सालचे परदेसी सिनेगॉग आहे. पायाखाली चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. १९६८ साली या वास्तूला चारशे वर्षे झाली, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभाला आल्या होत्या.

या ज्यू लोकांच्या धर्मनियमानुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही. केरळात ही अडचण नारळाने सोडवली. मांसाच्या रश्श्याला दाटपणा नारळाच्या दुधाने आला, नियमही पाळला गेला आणि चवही मल्याळी झाली. परंतु १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. या गल्लीत भरतकामाचे दुकान चालवणाऱ्या आणि अनेक प्रवाशांना ठाऊक असलेल्या सारा कोहेन २०१९ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी गेल्या. गल्लीचे नाव अजून ‘ज्यू टाऊन’ आहे, दुकानेही गजबजलेली आहेत. पण ज्या घरांत तो रस्सा शिजत असे, ती घरे उरली नाहीत.

आता मराठी वाचकाने जरा वाट वाकडी करून चेर्लाई भागात जावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे गोवा सोडून निघालेली सारस्वत कुटुंबे इथे वसली. त्यांचे तिरुमल देवस्थान इथे आहे आणि आसपासच्या घरांत अजून कोंकणी बोलतात. दाळीतोय, उपकरी, पत्रोडे ही नावे ऐकली की आपण केरळात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याला मलबारच्या वनस्पतींवरील बारा खंडांच्या ग्रंथासाठी मदत केली. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्यही त्या कामात होते. १६७८ साली ॲमस्टरडॅमला निघालेल्या पहिल्या खंडात या तिघांचे कोंकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. मुलांना हे जरूर सांगावे. आपली लिपी साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडला गेली, ती या बंदरातून.

दुपारी पंगतीची फाळणी करायला हरकत नाही. मांसाहारी मंडळींनी १९४८ पासून चालू असलेल्या ‘कायीज’ची बिर्याणी खावी; ती दुपारीच संपते, तेव्हा लवकर गेलेले बरे. मलबारी पद्धतीच्या बिर्याणीला बासमती चालत नाही, लहान दाण्याचा सुवासिक तांदूळ लागतो. शाकाहाऱ्यांनी गुजराती रोड गाठावा. मिऱ्या-मसाल्यांच्या व्यापारासाठी आलेल्या गुजराती कुटुंबांची मिठाई-फरसाणाची दुकाने तिथे आहेत. रविवारी काही खाणावळी बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

दोन दिवसांत एवढे पाहून-खाऊन झाल्यावर एक गोष्ट जाणवते. चर्चची डागडुजी होते, राजवाड्याला तिकीट लागते, सिनेगॉगच्या फरशा जपल्या जातात. वारसा म्हणजे वास्तू, अशी आपली समजूत असल्याने एवढे झाले की आपण निश्चिंत होतो. स्वयंपाकघराला मात्र कोणी फलक लावत नाही. ब्रुडर भाजणाऱ्या बेकऱ्या मोजक्या उरल्या आहेत. चिनी जाळ्यांत मासे कमी आणि पाण्यावर तरंगणारी जलपर्णी जास्त येते, म्हणून ती चालवणाऱ्यांची मुले दुसरे काम शोधतात. एखादे कुटुंब परदेशी गेले किंवा धंदा परवडेनासा झाला, की चारशे वर्षांची चव एका पिढीत पुसली जाते. दगड उभा राहतो आणि त्याला माणसाशी जोडणारा धागा तुटतो.

यावर प्रवासी काय करणार? फार नाही, पण थोडे नक्कीच. हॉटेलच्या बुफेत पनीर मागण्याऐवजी गल्लीतल्या छोट्या खाणावळीत चार माणसांचे बिल करता येते. जाळ्यांपाशी फोटो काढून निघण्याऐवजी तिथला मासा भाव ठरवून विकत घेता येतो. हे कसे करतात, कोणाकडून शिकलात, असे वाढणाऱ्याला विचारता येते. अशा प्रश्नाने समोरच्या माणसाला आपल्या पदार्थाची किंमत नव्याने कळते, आणि दोन ग्राहक रोज विचारू लागले तर तो पदार्थ फळ्यावर टिकतो.

रविवारी संध्याकाळी परतीच्या बोटीतून वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या उंच क्रेन दिसतात. हे टर्मिनल २०११ साली सुरू झाले. कोचीचा मोठा व्यापार आता तिकडे चालतो आणि जुने बंदर पाहुण्यांसाठी उरले आहे. बॅगेत मिऱ्यांची पुडी आणि थोडी कुडमपुळी असू द्यावी. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्या सोलांचे कालवण करावे, आणि ते करताना आपल्या आजीचा कोणता पदार्थ आता घरात कोणालाच येत नाही, याचाही हिशेब मांडावा. कोचीला जाऊन इतके कळले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले म्हणायचे.