छातीतली जळजळ आणि जठरातला जंतू

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत, म्हणजे धाकटी डहाणूसारख्या मांगेला समाजाच्या मासेमार गावापासून ते पूर्वेकडील वारली पाड्यांपर्यंत, छातीत जळजळणे, घशाशी आंबट पाणी येणे, जेवणानंतर पोट फुगणे आणि पोटाच्या वरच्या भागात दुखणे या साऱ्या तक्रारींना सरसकट पित्त किंवा ॲसिडिटी म्हटले जाते आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या एकाच गोळीवर त्यांची बोळवण होते. गोळीने बरे वाटले की आजार कळला आणि मिटला असे घरात समजले जाते. वस्तुतः या तक्रारींमागे किमान तीन वेगवेगळी कारणे असू शकतात: जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढणे, जठरात एका विशिष्ट जिवाणूने वर्षानुवर्षे ठाण मांडणे आणि वेदनाशामक औषधांनी जठराच्या अस्तराला इजा होणे. आम्ल कमी करणारी गोळी या तिन्हींत थोडाफार आराम देते, आणि म्हणूनच मूळ कारण शोधण्याचे राहून जाते.

जठर दिवसाकाठी सुमारे दीड ते दोन लिटर पाचकरस स्रवते. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिन या विकराला, म्हणजे पचनाची रासायनिक क्रिया घडवणाऱ्या द्रव्याला, कार्यक्षम करते आणि अन्नपाण्यातून आलेले बहुसंख्य जंतू तिथेच मारते. स्वतःच्या आम्लापासून बचाव व्हावा म्हणून जठराच्या आतील बाजूस चिकट श्लेष्माचा थर असतो. अन्ननलिकेला मात्र असे संरक्षण नसते, आणि जठर व अन्ननलिका यांच्या सांध्यावरील स्नायूंचे कडे एरवी आवळलेले राहते म्हणूनच आम्ल वर चढत नाही. हे कडे वारंवार किंवा अवेळी सैल पडले, किंवा छाती आणि पोट यांमधील पडद्याच्या छिद्रातून जठराचा काही भाग वर सरकला, तर आम्ल अन्ननलिकेला भाजते आणि तीच छातीतली जळजळ होय. त्यामुळे जळजळ होणाऱ्या माणसाच्या पोटात आम्ल प्रमाणाबाहेर तयार होते, ही समजूत बहुतेक वेळा खरी नसते. आम्ल नेहमीइतकेच असते, पण नको तिथे पोहोचलेले असते.

हे कडे सैल पडण्याची कारणे किनाऱ्यावरच्या रोजच्या जगण्यात पुरेपूर सापडतात. मासेमारीचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरत असल्याने होडीवरचे जेवण अवेळी होते आणि पोटभर जेवून लगेच आडवे होण्याची वेळ वारंवार येते. विरारपर्यंतची उपनगरी लोकल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत आल्यापासून मुंबईकडे रोज नोकरीला जाणाऱ्यांची सोय झाली, पण रात्री उशिरा घरी पोहोचून जेवायचे आणि पहाटेच्या गाडीसाठी लगेच झोपायचे, हा क्रमही त्यासोबत आला. तंबाखू आणि मद्य या दोन्हींनी कडे ढिले पडते. ताडीही त्याला अपवाद नाही, कारण पहाटेची गोड नीरा दिवस चढेल तशी आंबते आणि तिच्यातील मद्यार्क वाढत जातो. दातांना मशेरी लावणाऱ्या स्त्रिया स्वतःला तंबाखूच्या व्यसनी मानत नाहीत, परंतु भाजलेल्या तंबाखूतील निकोटीन हिरड्यांतून रक्तात शिरते आणि त्याचा परिणाम टळत नाही. गरोदरपणात संप्रेरकांमुळे आणि वाढत्या गर्भाच्या दाबामुळे जळजळ होणे अगदी नेहमीचे असून बाळंतपणानंतर ती बहुधा थांबते.

या प्रकारच्या त्रासावर औषधाइतकाच राहणीतील बदल परिणाम करतो. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवणे, पलंगाची उशाकडची बाजू विटा किंवा लाकडी ठोकळे लावून १५ ते २० सेंटिमीटर उचलणे, डाव्या कुशीवर झोपणे आणि वाढलेले वजन उतरवणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत आणि त्यांचा गुण येतो. नुसत्या उशा वाढवल्याने मात्र मान व पोट वाकते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. थंड दुधाने तात्पुरते शमते, पण दुधातील प्रथिने व कॅल्शियम थोड्या वेळाने आम्लस्राव पुन्हा वाढवतात. खाण्याचा सोडा वारंवार घेतल्याने शरीरात सोडियम वाढते, जे रक्तदाबाच्या रुग्णाला घातक ठरते.

भारतीय वैद्यकाने हा विकार फार पूर्वी ओळखला होता. माधवनिदानात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि काश्यपसंहितेने तर हा रोग आनूप देशात, म्हणजे पाणथळ व दमट प्रदेशात, अधिक आढळतो असे नोंदवून औषधांनी गुण न आल्यास प्रदेश बदलण्याचा सल्लाही दिला आहे. आधुनिक अर्थाने ही कारणमीमांसा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तथापि रोगाचा संबंध माणसाच्या वस्तीशी, पाण्याशी आणि आहाराशी जोडण्याची तिची दृष्टी आजही कामाची आहे, कारण जठराच्या संसर्गाबाबत पाणी आणि वस्ती यांनाच खरे महत्त्व आहे.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ जठरातील आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रण, म्हणजे अल्सर, मानसिक ताण, तिखट अन्न आणि जास्त आम्ल यांमुळे होतात असे शिकवले जात असे, आणि रुग्णांना वर्षानुवर्षे औषधे घ्यावी लागत किंवा जठराचा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागे. इतक्या तीव्र आम्लात कोणताही जंतू टिकणार नाही, असा ठाम समज होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना जठराच्या नमुन्यांत नागमोडी आकाराचे जिवाणू वारंवार दिसू लागले आणि तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांच्यासोबत कामाला लागले. जिवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयत्न दोन दिवसांनंतर तबकड्या टाकून दिल्या जात असल्याने फसत होते; १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत तबकड्या नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि हा सावकाश वाढणारा जंतू अखेर दिसला. वैद्यकविश्वाचा अविश्वास दूर होईना तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जिवाणूंचे द्रावण स्वतः प्यायले, काही दिवसांत त्यांना जठराचा दाह झाला आणि तपासणीत त्यांच्या जठरात तोच जंतू सापडला. हेलिकोबॅक्टर पायलोरी असे नाव मिळालेल्या या जंतूच्या शोधाबद्दल दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच, १९९४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या वर्गात घातले होते.

हा जंतू आम्लात जगतो तो युरीएज या विकराच्या बळावर. हे विकर युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करते आणि त्या अल्कधर्मी आवरणात जंतू सुरक्षित राहून श्लेष्माच्या थराखाली पोहोचतो. माणसाशी त्याची सोबत फार जुनी आहे. आल्प्स पर्वतातील बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या मानवी देहातही तो आढळला, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्या जंतूचे जवळचे नाते आज मध्य व दक्षिण आशियात आढळणाऱ्या प्रकाराशी असल्याचे दिसले. संसर्ग प्रामुख्याने बालपणी, घरातल्या घरात, तोंडावाटे होतो: दाटीची घरे, उघड्यावरील शौच, सामायिक विहिरीचे दूषित पाणी, आईने चावून बाळाला भरवलेला घास. भारतात प्रौढांपैकी मोठ्या संख्येच्या पोटात तो असतो, मात्र त्यातील बहुतेकांना आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही. थोड्यांनाच व्रण होतो आणि त्याहूनही थोड्यांना जठराचा कर्करोग. त्यामुळे जंतू आहे आणि जळजळही आहे, म्हणजे एकामुळे दुसरे झाले, असा निष्कर्ष काढता येत नाही. जंतूचा नायनाट केल्यावर व्रण बरा होतो व सहसा पुन्हा होत नाही, पण कडे सैल असल्याने होणारी जळजळ तशीच राहू शकते.

कर्करोगाच्या संदर्भात किनाऱ्यावर सुक्या मासळीविषयी भीती व्यक्त केली जाते आणि तिच्याबाबत नेमके सांगणे आवश्यक आहे. जठराच्या कर्करोगाशी संबंध आढळतो तो मिठात टिकवलेल्या पदार्थांचा, कारण अति मीठ जठराच्या अस्तराला इजा करते आणि जंतूचे काम सोपे करते. निव्वळ उन्हात वाळवलेल्या बोंबलाला तो दोष तसाच लावणे योग्य नाही. खारवलेला मासा रोजच्या ताटात असू नये आणि शिजवण्यापूर्वी तो भरपूर पाण्यात भिजवावा, इतकी काळजी रास्त ठरते.

जंतूचा शोध दोन मार्गांनी घेतात. एकतर एंडोस्कोपी, म्हणजे कॅमेरा असलेली लवचिक नळी तोंडावाटे जठरात घालून अस्तराचा कण काढणे, किंवा नळी न घालता केलेली श्वासाची अथवा शौचाची तपासणी. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी जुना, बरा झालेला संसर्गही दाखवत असल्याने ती पुरेशी नसते. आम्ल कमी करणारी गोळी तपासणीपूर्वी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद ठेवावी लागतात, नाहीतर असलेला जंतूही सापडत नाही. उपचारात आम्लस्राव रोखणाऱ्या औषधासोबत दोन किंवा अधिक प्रतिजैविके, आणि काही वेळा बिस्मथ, सहसा १४ दिवस देतात. भारतातील जंतू मेट्रोनिडाझोलला बऱ्याच अंशी दाद देत नाही, त्यामुळे औषधांची निवड डॉक्टरांनीच करायची असते. चार दिवसांत बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या तर उरलेला जंतू अधिक चिवट होतो. मेट्रोनिडाझोल चालू असताना मद्य घेऊ नये असे डॉक्टर बजावतात, आणि ताडीही मद्यच आहे. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जंतू गेल्याची खात्री करणे, हा बहुतेकदा टाळला जाणारा टप्पा उपचाराचाच भाग आहे.

बिस्मथमुळे शौचास काळे होते, तसेच गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनीही होते, आणि ते निरुपद्रवी असते. या औषधांशिवाय डांबरासारखे काळे, चिकट, दुर्गंधीयुक्त शौच झाले, तर मात्र तो जठरातील रक्तस्राव समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. रक्ताची उलटी, घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे आणि वाढता रक्तक्षय या लक्षणांतही गोळ्यांवर वेळ काढू नये.

तिसऱ्या कारणाची चर्चा सर्वांत कमी होते. जाळी ओढून, चिकूच्या वाडीत दिवसभर वाकून किंवा भातलावणी करून अंग दुखते, त्यावर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, आणि ही औषधे श्लेष्माचा थर तयार करणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांना रोखतात. परिणाम रक्तावाटे होत असल्याने गोळीऐवजी सुई घेतली म्हणून पोट वाचत नाही. जोडीला जंतूही असेल तर व्रणाचा धोका आणखी वाढतो. आदिवासी भागात आणखी एक शक्यता ध्यानात घ्यावी लागते: सिकलसेल या आनुवंशिक विकारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांतील रंगद्रव्याचे पित्ताशयात खडे होतात आणि उजव्या बरगडीखालच्या त्या कळांना पित्त समजून रुग्ण वर्षानुवर्षे चुकीच्या गोळ्या खातो, जेव्हा एका सोनोग्राफीने खडे दिसू शकतात.

आम्ल रोखणाऱ्या गोळ्या, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांच्या वर्गातील औषधे, जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असतात, कारण अन्न पोटात जाताच कार्यरत होणारे आम्लाचे पंप त्या बंद करतात. जेवणानंतर घेतल्यास लाभ कमी होतो. चार ते आठ आठवड्यांच्या उपचारासाठी त्या उत्तम आणि सुरक्षित आहेत. विनाकारण वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी पडू शकते, आणि जंतू मारणारे आम्लच उरत नसल्याने आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो, ज्याचा विचार पावसाळ्यात विहिरी गढूळ होतात आणि गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा विशेष करावा लागतो. गॅस्ट्रो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा तीव्र संसर्ग, या गोळ्यांनी बरा होत नाही. तिथे जीव वाचवते ते क्षारसंजीवनीचे पाणी. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळते आणि रुग्णाला आजार परतल्यासारखा वाटतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात.

सर्वांत घातक गल्लत हृदयविकाराच्या झटक्याची होते. अन्ननलिका आणि हृदय यांच्या संवेदना मेंदूकडे जवळपास एकाच मार्गाने जात असल्याने दोन्हींची वेदना छातीच्या मध्यभागीच जाणवते. चालताना किंवा ओझे उचलताना वाढणारी, जबड्यात वा डाव्या हातात पसरणारी, घाम आणि धाप घेऊन येणारी जळजळ सोड्याने शमवण्याचा प्रयत्न करू नये. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये ती याहूनही अस्पष्ट असू शकते. ढेकर आल्यावर किंवा गोळी घेतल्यावर थोडे बरे वाटले, यावरून हृदय ठीक आहे असे ठरत नाही. ईसीजी काढायला काही मिनिटे लागतात, गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांत दिले तरच हृदयाचा स्नायू वाचतो, आणि तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून मोठ्या रुग्णालयापर्यंतचे अंतर लक्षात घेता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला फोन दुखणे सुरू होताच करावा लागतो.