गुळाचा रंग बघावा की गुण मोजावा?

सौद्यात पिवळाधमक रवा लगेच उचलला जातो आणि काळपट रव्याचा दर पडतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. त्यापायीच काहिलीत हायड्रोस पावडर पडते. पण काळपटपणा म्हणजे नुसता दोषच काय?

उसाच्या रसात पॉलिफेनॉल ही द्रव्ये असतात. चहाला तुरटपणा येतो तो याच कुळीतल्या द्रव्यांनी. रस हवेत ठेवला की काळवंडतो, लोखंड लागले की आणखी गडद होतो, त्यात यांचाच हात. मात्र काहिलीत साखर करपूनही रंग चढतो. तेव्हा ‘काळा तेवढा चांगला’ हेही खरे नव्हे. मोजल्याशिवाय कळायचे नाही.

साध्या चाचणीत फोलिन नावाचे द्रावण घालतात आणि निळा रंग किती चढला ते बघतात. स्वस्त खरी, पण फसवी. हायड्रोसमधून उरणाऱ्या सल्फाइटनेही तो निळा रंग वाढतो. म्हंजे पावडर घातलेला गूळच कागदावर वरचढ दिसायचा!

यावर उपाय दोन यंत्रांच्या जोडीचा. पहिल्यात गुळाचे गाळलेले पाणी बारीक भुकटी भरलेल्या पोलादी नळीतून दाबाने सोडतात. साखर आधी निघून जाते, मागून एकेक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर पडते. दुसरे यंत्र म्हणजे रेणूंचा काटा. क्लोरोजेनिक आम्लाचे वजन ३५४. विद्युतभार देताना एक हायड्रोजन जातो आणि काटा ३५३ दाखवतो. तो रेणू फोडला की १९१ वजनाचा तुकडा मिळतो. त्याच वजनाची भावंडेही असतात; ती नळीतल्या वेळेवरून ओळखायची. शेवटी शुद्ध द्रव्याच्या ठरावीक मापाशी ताडून प्रमाण काढतात.

हे काम एकट्या गुऱ्हाळाला परवडणारे नाही. चौघांनी मिळून करावे. नमुना एका रव्याच्या कडेचा नको. एकाच काहिलीच्या चार-पाच रव्यांतला, आतून काढून मिसळलेला द्या. उसाची जात, तोडीची तारीख, भेंडी की पावडर, हे सारे लिहून ठेवा. गंधकाची तपासणी वेगळी मागा. कायद्याने किलोला ७० मिलिग्रॅमपर्यंतच सल्फर डायऑक्साइड चालते.

कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले. गुण मात्र आकड्याने दाखवावा लागेल, तरच भेंडी घालून केलेल्या तांबूस रव्याला त्याचा दर मागता येईल.